छापा की काटा?

कोरडवाहू गावातल्या माणसाच्या मनाचा ठाव अर्थशास्त्रज्ञांनी कसा घेतला, त्याची हकिकत

१८०३ सालच्या सप्टेंबर महिन्याची २३ तारीख. आजच्या जालना जिल्ह्यातल्या खेळणा नदीच्या काठी एक इंग्रज सेनापती घोड्यावर बसून पैलतीर न्याहाळीत होता. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. हाच गृहस्थ पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला ठाऊक झाला. पलीकडे शिंदे-भोसल्यांची अफाट फौज, आणि याच्या हाताशी तिच्या मानाने लहानशी पलटण. नदी ओलांडायची तर उतार हवा. आणि बरोबरचे वाटाडे तर छातीठोकपणे सांगत होते की, या बाजूला उतार म्हणून नाहीच.

वेलस्लीने नदीवरची नजर काढून गावांकडे वळवली. अलीकडच्या काठावर एक गाव दिसत होते, आणि जवळजवळ त्याच्या समोरच, पलीकडच्या काठावर, दुसरे. इंग्रजी वृत्तांतांत त्यांची नावे पिंपळगाव आणि वरूर अशी येतात. त्याने मनाशी विचार केला : दोन गावे इतकी समोरासमोर वसली आहेत, ती एकमेकांकडे जाण्यायेण्याची काही सोय असल्याखेरीज वसतील कशी? माणसे पाठवून शोध घेतला, तो उतार सापडला! त्याच उताराने फौज पार झाली आणि असईची प्रसिद्ध लढाई घडली. तिच्यात हजारो माणसे पडली; तिचा निकाल इतिहासाच्या पुस्तकांत आहेच.

ही खेळणा (कोणी तिला केळणाही म्हणतात) पुढे जाफराबादजवळ पूर्णेला मिळते. जाफराबादच्या वाटेवर ही गोष्ट आठवली की मला लढाईपेक्षा तो तर्कच अधिक मोठा वाटतो. तोंडाने काय सांगितले जाते ते एक, आणि माणसांच्या रोजच्या वागण्यातून काय उमटते ते दुसरे. वाटाड्यांच्या बोलण्यात उतार नव्हता. गावकऱ्यांच्या वहिवाटीत तो होता.

तो सेनापती होता, त्याला लढाई जिंकायची होती. पण नेमकी हीच रीत हाती घेऊन काही अर्थशास्त्रज्ञ आपल्याच महाराष्ट्रातल्या खेड्यांत जाऊन बसले. माणूस असा का वागतो, असा निर्णय का घेतो, याचा त्यांनी वर्षानुवर्षे माग काढला. त्यांना जो उतार सापडला, त्याची ही गोष्ट आहे.

अर्थशास्त्राची चूल

अर्थशास्त्र म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अंदाजपत्रक उभे राहते, नाही तर सोन्याचा भाव. परंतु मुलाला कितवीपर्यंत शिकवावे, लेक कोणत्या गावी द्यावी, बैल विकावा की कर्ज काढावे, हेही हिशेबच आहेत. माणसाच्या साध्या व्यवहारांना अर्थशास्त्राची फूटपट्टी लावल्याबद्दल शिकागोचे गॅरी बेकर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लग्न, मुलेबाळे, गुन्हा, भेदभाव यांवर त्यांनी लिहिले तेव्हा अनेक विद्वानांनी नाके मुरडली होती. प्रेमात कसला आलाय हिशेब, असे त्यांना वाटले. आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईंना विचारले असते तर त्यांनी एवढे नवल केले नसते.

आणि ही पद्धत आपल्याकडे काही परदेशातून आयती आलेली नाही. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा घरोघर हिशेब मांडून १९१७ साली पुस्तक प्रसिद्ध केले. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. १९३६-३७ साली त्यांच्या देखरेखीखाली पुणे शहराची पाहणी झाली, वाई तालुक्यातल्या शेतीचाही जमाखर्च मांडला गेला. दारावर जाऊन, ओसरीवर बसून, न कंटाळता विचारायचे आणि लिहून घ्यायचे, ही शिस्त महाराष्ट्राला त्या मंडळींनी लावली.

एक जुना आरोप

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जाफराबादसारखा तालुका घ्या. शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. मृग वेळेवर बरसला तर ठीक, नाहीतर दुबार पेरणी कपाळी. अशा मुलखातल्या शेतकऱ्याविषयी शहरातल्या दिवाणखान्यात एक शेरा हमखास ऐकू येतो : "अहो, हे लोक मुळातच भित्रे. नवे बियाणे दिले तरी जुनेच पेरणार, खत दिले तर हात राखून टाकणार. दैवावर हवाला ठेवून बसायचे, दुसरे काय!"

हा शेरा ऐकायला किरकोळ वाटला तरी त्याच्यावर फार काही अवलंबून आहे. शेतकरी स्वभावानेच भित्रा असेल, तर इलाज एकच : त्याला उपदेश करा, भाषणे द्या, शहाणे करा. पण तो आपल्यासारखाच असेल, आणि त्याच्या पायाखालची जमीनच तेवढी भुसभुशीत असेल, तर उपदेश व्यर्थ आहे. मग त्याला वेळेवर कर्ज हवे, पाणी हवे, विमा हवा. रोग एक आणि औषध भलतेच, असे झाले तर पैसा जातो, वर्षे जातात, आणि दोष मात्र रोग्याच्या माथी बसतो.

थिओडोर शुल्ट्झ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ सालीच आपल्या ग्रंथात बजावले होते की, परंपरेने शेती करणारा शेतकरी गरीब असेल, पण हातातल्या साधनांचा वापर तो मोठ्या चोखपणे करतो. तरीही धोका पत्करण्याचा प्रश्न उरलाच. भीती मोजायची कशी?

सहा गावे आणि एक नाणे

१९७२ साली हैदराबादजवळ पाटणचेरू येथे कोरडवाहू पिकांवर संशोधन करणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. तिचे प्रचलित नाव इक्रिसॅट. १९७५ साली या संस्थेने सहा गावे निवडून तेथे कायमचे ठाण मांडले. दोन गावे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या महबूबनगर जिल्ह्यातली, आणि चार आपल्या महाराष्ट्रातली. सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा. जाफराबादची शीव ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो, आणि त्याच्याही पलीकडे अकोला. माती, पाऊस आणि पिके यांची जातकुळी अशी की जाफराबादच्या माणसाला ही गावे परकी वाटू नयेत.

प्रत्येक गावात चाळीस घरे निवडली. तीस शेतकऱ्यांची, त्यांत लहान, मध्यम आणि मोठे असे प्रत्येकी दहा. आणि दहा घरे भूमिहीन मजुरांची. गावातच बिऱ्हाड करून राहणारा, तिथली भाषा बोलणारा एक तपासनीस दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जाई आणि लिहून घेई. काय पेरले, काय विकले, कोणाकडून उसने आणले, कोणाच्या लग्नाला किती खर्च झाला, सारे काही. हे काम पहिल्या खेपेस सुमारे दहा वर्षे अखंड चालले.

याच २४० घरांत हान्स बिन्सवांगर या स्विस अर्थशास्त्रज्ञाने भीती मोजण्याचा घाट घातला. आधी त्याने सरळ मार्ग धरला. अमुक धोका असता तर तुम्ही काय केले असते, असे प्रश्न विचारून पाहिले. ही पद्धत सपशेल फसली. उत्तरे शेतकऱ्याच्या मनापेक्षा विचारणाऱ्या तपासनिसाच्या कलाने झुकू लागली. म्हणजे इथेही वाटाडे "उतार नाही" म्हणतात तसेच झाले!

मग त्याने दुसरा मार्ग धरला. पैसे संस्थेचे, नाणेफेक खरी, आणि जिंकलेली रक्कम खरोखर हातात. फक्त डाव कोणता घ्यायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचे. सर्वांत मोठ्या खेळातले काही पर्याय असे होते :

छापा पडो की काटा, पन्नास रुपये नक्की.
एका बाजूला ४५ रुपये, दुसरीला ९५.
एका बाजूला ४० रुपये, दुसरीला १२०.
एका बाजूला ३० रुपये, दुसरीला १५०.
एका बाजूला १० रुपये, दुसरीला १९०.
आणि शेवटचा : एका बाजूला शून्य, दुसरीला २०० रुपये.

वाचकहो, जरा थांबून हिशेब करा. पहिल्यात पन्नास रुपये पक्के. खाली खाली जावे तशी सरासरी प्राप्ती वाढत जाते. शेवटच्या दोन्हींत ती शंभर रुपये आहे. पण शेवटच्या डावात रिकाम्या हाताने घरी जाण्याचीही पाळी येऊ शकते. आणि हे पैसे काही चणे-फुटाण्यांचे नव्हते. त्या काळी या खेळातली मोठी रक्कम साध्या मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक होती.

सुरुवात आठ आण्यांच्या खेळापासून केली. मग पाच रुपयांचा, आणि शेवटी हा पन्नासाचा. आठ आण्यांच्या खेळात पुष्कळांनी बेधडक डाव घेतले. गंमत होती, गेले तर गेले! रक्कम वाढत गेली तशी माणसे सावरून बसली. पन्नासाच्या खेळात बहुतेक सारे जण मधल्या डावांकडे सरकले. अगदी पक्क्या पन्नासाला चिकटून बसणारे थोडे, आणि सर्वस्व पणाला लावणारेही थोडे. बहुतेकांची सावधगिरी मध्यम.

आणि खरी मौज पुढेच आहे. श्रीमंत शेतकरी धीट आणि गरीब भित्रा, असे काही आढळले का? जवळजवळ नाही. संपत्ती वाढली की धीटपणा किंचित वाढल्यासारखा दिसला, पण तो फरक इतका नाममात्र की हिशेबात धरण्याजोगा नव्हता. वाड्यात राहणारा आणि झोपडीत राहणारा, दोघांच्याही काळजातली भीती जवळपास सारख्याच मापाची निघाली. १९८० साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

मग शेतात फरक का पडतो? मोठा शेतकरी नवे बियाणे लवकर घेतो आणि लहान शेतकरी मागे राहतो, ते का? खेळात दोघांच्या हाती सारखेच पैसे होते, सारखेच पर्याय होते. शेतात तसे नसते. एकाला बँक दारात उभी करते, दुसऱ्याला सावकाराचा उंबरा झिजवावा लागतो. एकाची विहीर आहे, दुसऱ्याचे आभाळ आहे. बिन्सवांगरचा रोख इकडेच होता : फरक स्वभावाचा कमी, सोयीचा जास्त. दिवाणखान्यातला तो शेरा नाण्याच्या एका फेकीत उडाला.

घराघरांतला विमा

भीती सर्वांना असते हे कळले. ज्याला बँक नाही आणि विमा नाही तो तिच्यावर उपाय काय करतो? त्याच सहा गावांच्या वह्यांतून पुढे अनेक संशोधकांनी याची उत्तरे शोधली.

पहिला उपाय शेतातच दिसतो. कपाशीत किंवा ज्वारीत तुरीच्या ओळी कशाला? शहरी पाहुण्याला ती जुनी खोड वाटते. पण एक पीक लवकर येणारे, दुसरे उशिरा; एकाच्या वेळी पाऊस दडी मारून बसला तर दुसरे हात देते. ही न छापलेली विम्याची पावतीच आहे.

दुसरा उपाय शेजारपाजारचा. रॉबर्ट टाउनसेंड यांनी १९९४ साली तीन गावांचे आकडे तपासले, त्यांत शिरापूर आणि कानझरा होतीच. एका घराचे उत्पन्न एखाद्या वर्षी बुडाले तर त्या घराचे खाणेपिणे तितकेच खाली येते का? नाही. घराचा खर्च स्वतःच्या उत्पन्नापेक्षा साऱ्या गावाच्या सरासरीबरोबर वरखाली होतो. हातउसने, धान्याची देवघेव, भाऊबंदांची मदत, साठवणीची कणगी, असे अनेक धागे मिळून घराला तोलून धरतात. हे छत्र सगळ्यांवर सारखे नसते. भूमिहीनाच्या डोक्यावर ते विरळ होते. आणि सारे गावच दुष्काळात सापडले तर कोणी कोणाला द्यायचे?

म्हणून तिसरा उपाय, गावाबाहेरचा. तो वाचून मी तरी क्षणभर पुस्तक मिटून बसलो. मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली याच गावांतल्या सोयरिकींचा अभ्यास केला. लेकी आसपासच्या गावांत न देता दूरदूरच्या, वेगवेगळ्या गावांत का देतात? त्यांना असे आढळले की, ज्या घरांचे शेतीचे उत्पन्न अधिक बेभरवशाचे, त्या घरांच्या सोयरिकी अधिक लांबच्या. कारण पाऊस सगळीकडे एकाच वेळी दगा देत नाही. इथे करपले तर तिकडे पिकलेले असते, आणि व्याह्याचे दार ठोठावता येते.

कोणताही बाप मुलगी देताना "मी पावसाचा धोका वाटून टाकतो आहे" असे म्हणत नाही. तो म्हणतो, घर चांगले आहे, माणसे चांगली आहेत. पण शेकडो बापांचे निर्णय एकत्र मांडले की खेळणेच्या काठच्या त्या दोन गावांसारखा एक माग स्पष्ट दिसू लागतो.

या विम्याचा हप्ता कोण भरते?

इथवर वाचून कोणी म्हणेल, वा, आपली माणसे मोठी शहाणी! शहाणी आहेतच. पण अर्थशास्त्र खरे उपयोगी पडते ते पुढच्या प्रश्नाला : या शहाणपणाची किंमत किती, आणि ती कोणी मोजली?

बैलाचे उदाहरण घ्या. रोझेनझ्वाइग आणि वोल्पिन यांनी १९९३ साली दाखवून दिले की, वाईट वर्षात शेतकरी बैल विकून घर चालवतात. ज्याला पोळ्याला पुरणपोळीचा घास भरवला, त्यालाच बाजाराच्या दिवशी दावणीतून सोडायचे. आणि दुष्काळात सारेच विकायला निघतात, म्हणून भावही पडलेला. पोट भागते, पण पुढच्या मृगाला औत कशाने हाणायचे? आजची भूक भागवायला उद्याचे हत्यार मोडले जाते.

तुरीच्या ओळींचीही किंमत आहेच. चांगल्या पावसाच्या साली एकाच पिकाने जे भरघोस दिले असते, त्यातले काही सोडावे लागते. नाण्याच्या खेळात १०० ऐवजी ९० किंवा ८० च्या सरासरीवर समाधान मानले, तसेच हे. वर्षाला थोडे थोडे सोडले, तरी पिढीच्या हिशेबात ती रक्कम मोठी होते.

आणि दूरच्या गावी दिलेली लेक? घराला आधार मिळाला खरा. पण दिवाळीला माहेरी यायला तिला किती कोस पडतात, दुखल्याखुपल्याला आईची कूस किती लांब राहते, याचा रकाना कोणत्याच वहीत नाही. अर्थशास्त्राच्या फूटपट्टीने सोयरिकीचे अंतर मोजता येते. त्या अंतरावरून मागे वळून पाहणारी नजर मोजता येत नाही. या शास्त्राचा मान राखूनच हे म्हणावेसे वाटते. मोजले ते खरे आहे. पण सारे मोजून झालेले नाही.

म्हणूनच बाहेरून मिळणाऱ्या आधाराचे मोल. १९७२ च्या भीषण दुष्काळात महाराष्ट्राने मागेल त्याला काम देण्याची योजना मोठ्या प्रमाणावर राबवली, आणि १९७७ साली तिचा कायदा केला. या सहा गावांच्या पाहणीवर टॉमस वॉकर आणि जेम्स रायन यांनी १९९० साली ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्या गावांत हमीची कामे होती, तिथल्या मजुरांच्या उत्पन्नातले चढउतार तशी सोय नसलेल्या गावापेक्षा कमी होते, असे त्यांत दिसून आले. २००५ साली देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, त्याची पायवाट अशी महाराष्ट्रातून गेली आहे.

विम्याचेही तसेच. आंध्र प्रदेशातल्या कोरडवाहू शेतकऱ्यांवर केलेला एक प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही शेतकऱ्यांना पावसाचा विमा आधीच दिला होता, काहींना नाही. विमा हाती असलेले शेतकरी अधिक धोक्याच्या पण अधिक उत्पन्नाच्या नगदी पिकांकडे वळले. त्यांना कोणी धीटपणाचे धडे दिले नव्हते. पाठीशी आधार आला आणि पाऊल आपोआप पुढे पडले.

पाडव्याचा डाव

शहरातल्या आपण मंडळींनी यात हसण्यासारखे काही नाही. मुदतठेवीवर श्रद्धा ठेवणारे आपण, लेकीच्या लग्नासाठी दर पाडव्याला गुंजभर का होईना सोने घेणारे आपण, "सरकारी नोकरीच बरी, बाबा" म्हणणारेही आपणच. चाळीतली भिशी आणि खेड्यातले हातउसने ही एकाच आईची लेकरे आहेत. फरक इतकाच की, आपल्याला भीती वाटली तर तिला आपण दूरदृष्टी म्हणतो, आणि शेतकऱ्याला वाटली की भित्रेपणा.

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. यंदा फराळाची ताटे उचलून झाली की घरातल्या मंडळींना वरचे सहा डाव वाचून दाखवा. रक्कम मात्र आजच्या मानाने, महिन्याच्या पगाराएवढी धरायला सांगा. कोण कोणता डाव घेतो ते बघा. एरवी मोठमोठ्या गप्पा मारणारे काका बहुधा तीस-दीडशेच्या आसपास येऊन थांबतील. तिथेच त्यांना कानझऱ्याचा शेतकरी बसलेला भेटेल, आणि जाफराबादचाही.

आणि मग कोणी पुन्हा म्हणाले की, "हे लोक पुढे पाऊलच टाकत नाहीत," तर त्याला खेळणेच्या काठी घेऊन चला. काठावर थांबलेल्या माणसाच्या छातीला हात लावून पाहण्याआधी, त्याच्या पुढ्यातल्या नदीला उतार आहे का, एवढे मात्र पाहावे.